खानापूर रस्त्यावरची रोपवाटिका : मागच्या रांगेतली रोपे घ्यावीत

रोपवाटिकेबद्दल काही लिहायचे तर तिथून आणलेल्या रोपांवरून निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा लागतो, कारण विकत घेतल्या दिवशी प्रत्येकच रोप टवटवीत असते. बेळगावच्या दक्षिणेला खानापूर रस्त्यालगत असलेल्या एका मोठ्या रोपवाटिकेतून मी गेल्या वर्षीच्या मृगापासून तीन वेळा रोपे आणली. ती एकूण सव्वीस होती. मधे दोन पावसाळे आणि एक कडक उन्हाळा गेला, आणि आज कार्तिकात त्यांतली वीस जिवंत आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी अंगणाचे रूप बदलले आहे, आणि मेलेल्या सहा रोपांनीही काही शिकवले आहे. म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी मला काय हवे होते ते सांगते, म्हणजे माझ्या कसोटीचा अंदाज येईल. बेळगावातल्या अनगोळमध्ये आमच्या घरासमोर बावीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशी पूर्वेकडे तोंड असलेली मातीची पट्टी आहे आणि मागे छोटेसे परडे आहे. पुढच्या पट्टीत आम्ही वर्षानुवर्षे झेंडू आणि शेवंती लावत होतो. दसरा-दिवाळी झाली की ती उपटायची आणि पुढच्या आषाढात पुन्हा पैसे घालून नवी आणायची. मागच्या परड्यात काकडीचे वेल फुलायचे, पण फुलामागचे कोवळे फळ बोटाएवढे होऊन पिवळे पडायचे आणि गळायचे. खत कमी पडते असे समजून मी दोन वर्षे शेणखत वाढवत राहिले. दोष खताचा नव्हता. काकडीची नरफुले आणि मादीफुले वेगळी असतात, आणि सकाळी एकावरून दुसऱ्यावर पराग नेणारी मधमाशीच आमच्या परड्यात येत नव्हती. तिने यावे असे तिच्यासाठी आमच्याकडे वर्षभर काही नव्हतेच. झेंडूचे गच्च गोंडे दिसायला भरगच्च असले, तरी त्यांत माश्यांच्या हाती फारसे काही लागत नाही.

म्हणून ठरवले की एकदा लावले की चार-पाच वर्षे टिकेल, आमच्या पावसात कुजणार नाही, चैत्र-वैशाखात जळणार नाही आणि ज्यावर मधमाश्या, भुंगे व फुलपाखरे खरोखर येतील अशीच झाडे घ्यायची. रोपवाटिकेचा कस मी या चार गोष्टींवर लावला आहे. बोन्साय, लॉन किंवा घरातल्या शोभेच्या कुंड्या घ्यायला जाणाऱ्यांना माझ्या अनुभवाचा उपयोग कदाचित होणार नाही.

रोपवाटिका प्रशस्त आहे आणि तिचे दोन भाग पडतात. रस्त्याकडच्या बाजूला हिरव्या जाळीखाली जर्बेरा, गुलाब, पेट्युनिया, दुहेरी पाकळ्यांची जास्वंद, ॲडेनियम अशी रंगीबेरंगी मांडणी असते आणि येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी तिथेच रिकामी होते. मागे विहिरीच्या बाजूला, पंपाच्या खोलीला लागून, उघड्यावर काळ्या पिशव्यांच्या लांब रांगा आहेत. तिथल्या रोपांवर पाटी नाही, पुष्कळांवर फूलही नसते, आणि तिथे नेऊन दाखवायला कोणी आपणहून येत नाही. पुढच्या भागातल्या पाट्या कानडीत आणि इंग्रजीत आहेत. कानडी वाचता येणाऱ्याला अडचण नाही, पण ज्यांना फक्त बोलता येते त्यांच्यासाठी सांगते की दासवाळ म्हणजे जास्वंद, केपळ म्हणजे एक्झोरा, कनकांबर म्हणजे अबोली आणि लक्की म्हणजे निर्गुडी. मालकीणबाई, त्यांची दोन मुले आणि माळी सगळे मराठी आणि कानडी दोन्ही सहज बोलतात, त्यामुळे विचारण्यात कुणालाच संकोच वाटू नये.

पहिल्या खेपेला मीही पुढच्याच भागात रमले. सतरा रोपे घेतली आणि १०९० रुपये दिले. त्यांत पेंटासची चार, हमेलियाची दोन, बारीक पानांच्या एक्झोराची तीन, निळ्या चित्रकाचे एक आणि जमैकन स्पाइकची दोन रोपे होती. याखेरीज दोन लव्हेंडर आणि तीन जर्बेरा होते. या शेवटच्या पाच रोपांचेच ५४० रुपये झाले, म्हणजे बिलाचा निम्मा भाग. ही पाचही रोपे श्रावण संपायच्या आत गेली.

याचे मला वाईट वाटले, कारण विचारल्यावर पुढच्या भागातल्या मुलाने दोन्हीही ‘वर्षभर फुलणारी, कायमची’ म्हणून दिली होती. लव्हेंडर मूळचे भूमध्य समुद्राच्या काठचे. तिथला उन्हाळा कोरडा असतो, पाऊस हिवाळ्यात पडतो आणि जमीन खडकाळ असते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथली हवा थंड, म्हणून थंड प्रदेशातले काहीही इथे जगेल, असा आपल्याकडे एक समज आहे. हवेपुरता तो थोडाफार खरा आहे. पण जून ते सप्टेंबर सलग भिजणाऱ्या मातीत लव्हेंडरची मुळे श्वास घेऊ शकत नाहीत. जर्बेराची गोष्ट वेगळी आहे. ते खरोखर बहुवर्षायू, म्हणजे अनेक वर्षे जगणारे आहे, पण बाजारात येणारी पुष्कळशी रोपे पॉलिहाउसमधल्या लागवडीसाठी वाढवलेल्या संकरित जातींची असतात, आणि त्यांचा गड्डा उघड्या पावसात मातीखाली गेला की कुजतो. परदेशातल्या बागांची छायाचित्रे पाहून एकिनेशियाचे बी मागवणाऱ्यांनाही हेच सांगावेसे वाटते. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानातले ते झाड हिवाळ्यात जमिनीखाली झोपते आणि वसंतात उठते. आपल्याकडे झाडाची खडतर वेळ दोनदा येते, एकदा वैशाखात आणि एकदा आषाढात, आणि त्या दोन्ही वेळा निभावणारे झाडच इथे बहुवर्षायू म्हणावे. रोपवाटिकेने हे ग्राहकाला सांगायला हवे. मेलेल्या रोपांबद्दल मी बोलले तेव्हा बदलून देण्याची पद्धत नाही असे सांगण्यात आले. ते समजण्यासारखे आहे. पण विकताना दिलेली माहिती चुकीची होती, हा मुद्दा त्याने सुटत नाही.

दुसऱ्या खेपेला, दसऱ्यानंतर, मी मागे गेले. तिथे एक वयस्कर माळी आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. मला काय हवे ते त्यांनी नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, “अक्का, फुलं बघून रोप घेऊ नका. माशी कशावर बसलीया ते बघा आणि तेच न्या.” मग त्यांनी मला सकाळच्या उन्हात मागच्या रांगांमधून हिंडवले. निर्गुडीच्या जांभळट तुऱ्यांवर सातेरी जातीच्या मधमाश्या अक्षरशः लगडल्या होत्या आणि शंभर पावलांवर पुढे लाल-पिवळ्या जर्बेरावर एकही नव्हती. या रोपवाटिकेतला सर्वांत मौल्यवान भाग कोणता, याचे उत्तर मला त्या अर्ध्या तासात मिळाले. त्या दिवशी मी अडुळसा, निर्गुडी, दोन प्रकारच्या तुळशी आणि टर्नेराची दोन रोपे अशी सहा रोपे घेतली. सहाही आज उभी आहेत.

आता झाडांविषयी, कारण शेवटी पैसे आपण त्यांच्यासाठी मोजतो.

हमेलिया हे या रोपवाटिकेतले माझ्या मते सर्वांत चांगले रोप आहे. साठ रुपयांचे गुडघाभर रोप पुढच्या मेपर्यंत पाच फुटांवर गेले. नारिंगी-लाल नळीसारखी फुले पाऊस उघडल्यापासून थंडी संपेपर्यंत थांबली नाहीत. त्यांवर शिंजीर पक्षी येतात, फुलपाखरे येतात, आणि काळा भुंगा तर वेगळीच युक्ती करतो. त्याची सोंड नळीच्या तळापर्यंत पोचत नाही, म्हणून तो फुलाच्या बुडाशी चीर पाडून बाहेरूनच मध पितो. परागीभवनाच्या दृष्टीने ही चोरीच. पण ती पाहण्यात माझ्या नातीची सकाळ जाते. हमेलिया मूळचे उष्ण अमेरिकेतले आहे, मात्र आमच्या तांबड्या मातीत ते इथलेच असल्यासारखे वाढते. त्याला चार फूट जागा द्यावी. मी अडीच फूट दिली आणि त्याने शेजारचे एक्झोरा झाकून टाकले.

पेंटासच्या चारपैकी तीन जगले. चौथे बुटक्या संकरित जातीचे होते आणि ते पट्टीच्या सखल टोकाला पाण्यात कुजले. त्यात चूक माझी होती. त्यानंतर मी ती बाजू जांभ्याचे चिरे लावून नऊ इंच उचलून घेतली. पेंटासच्या चांदणीसारख्या फुलांची नळी अरुंद आणि खोल असते, त्यामुळे लांब सोंडेची फुलपाखरे त्यावर जितक्या आवडीने येतात तितक्या लहान माश्या येत नाहीत. एक्झोराचेही तसेच आहे. त्याला कोकणाकडे पिटकुळी म्हणतात. म्हणूनच एकाच प्रकारचे फूल भरपूर लावण्यापेक्षा निरनिराळ्या आकाराची फुले जवळजवळ लावणे उपयोगाचे ठरते. तुळशीच्या मंजिरीतली बारीक फुले लहान माश्यांसाठी, अडुळशाची ओठांसारखी पांढरी फुले जाड भुंग्यासाठी, आणि खोल नळ्या फुलपाखरांसाठी.

तुळशीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. मंजिऱ्या खुडल्या की तुळस जास्त जगते, असे आपण आईकडून, आजीकडून शिकलो आणि ते बरोबर आहे, कारण बी धरण्यात झाडाची शक्ती जाते. पण मंजिरी खुडली की माशीचे ताट उचलले जाते. मी वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडते आणि पट्टीतल्या दोन्ही तुळशींच्या राहू देते. त्या दोन तुळशी कदाचित लवकर जातील, पण त्यांचे बी पडून आजूबाजूला नवी रोपे आधीच उगवली आहेत, तेव्हा जागा रिकामी राहणार नाही.

निळा चित्रक लावताना केवळ रंगासाठी लावला होता. पहिल्या पावसाळ्यानंतर त्याच्या कळ्यांभोवती नखाएवढी, पंखाखाली पांढऱ्या-तपकिरी पट्ट्या असलेली फुलपाखरे घिरट्या घालू लागली. झेब्रा ब्लू नावाचे हे फुलपाखरू चित्रकावर अंडी घालते. तेव्हापासून या झाडाच्या शेंड्यांवर कुरतडल्याच्या खुणा दिसल्या तरी मी औषध शोधत नाही. टर्नेराची पिवळी फुले सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत मिटतात, म्हणून उशिरा उठणाऱ्याला हे झाड नुसते हिरवे दिसेल. त्याच्या बियांना एक खाद्य तुकडा चिकटलेला असतो, त्यासाठी मुंग्या बिया ओढून नेतात आणि झाड भिंतीच्या फटीत, पायरीखाली, कुठेही उगवते. जमैकन स्पाइकही असाच पसरतो. त्याच्या छडीवर रोज दोन-चार जांभळी फुले उघडत वर सरकतात आणि फुलपाखरे त्याला सोडत नाहीत, पण त्याच्या सुकलेल्या छड्या वेळीच कापल्या नाहीत तर बी सगळीकडे होते. गावाबाहेर, माळाला किंवा रानाला लागून घर असलेल्यांनी तो लावू नये असे मी म्हणेन.

जोमदार वाढ हा गुण आहे, पण कुंपणाच्या आत राहिला तरच. याच कारणासाठी रोपवाटिकेवर माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. पुढच्या भागात ‘वर्षभर फुले, पाणी कमी’ असे सांगून घाणेरीच्या रंगीत जाती आणि जमिनीवर पसरणारे पिवळ्या फुलांचे वेडेलिया विकले जाते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत ही दोन्ही झाडे आहेत. घाणेरीवर फुलपाखरे येतात हे खरे आहे. शोभेसाठी म्हणूनच ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आणली गेली, आणि आज खानापूरच्या जंगलवाटांनी जाणाऱ्या कुणालाही तिच्या जाळीखाली काय उरले आहे ते दिसते. तिचा पाला जनावरांना विषारी आहे. खानापूर तालुक्याला भीमगडसारखे अभयारण्य लाभलेले असताना, त्याच रस्त्यावरून ही झाडे पिशवीत भरून घरोघर जावीत, हे मला मनापासून खटकते. मालकीणबाईंशी मी हे बोलले. मागणी आहे म्हणून ठेवावी लागते, असे त्यांचे उत्तर होते. मागणी आपणच थांबवू शकतो.

दुसरा आक्षेप औषधाचा. ऑक्टोबरच्या खेपेला गुलाब आणि जास्वंदीच्या पिशव्यांत एक कामगार पांढरट पाणी ओतताना दिसला. विचारल्यावर मावा या किडीसाठी इमिडाक्लोप्रिड नावाचे कीटकनाशक दिले जाते असे कळले. हे औषध मुळांतून झाडाच्या सर्व अंगांत जाते, आणि त्यात मध व परागही आले. माशीसाठी म्हणून आपण झाड घरी नेतो आणि तिला विष वाढतो, असे होऊ शकते. युरोपीय संघाने २०१८ साली या औषधाच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली ती मधमाश्यांच्याच कारणाने. इथे मात्र मालकीणबाईंच्या प्रामाणिकपणाची नोंद केली पाहिजे. त्यांनी लपवाछपवी केली नाही, कोणत्या रांगांना औषध दिले आहे ते दाखवले आणि मागच्या रांगांना निंबोळी अर्काखेरीज काही देत नसल्याचे सांगितले. ज्यांना पुढच्या भागातले रोप घ्यायचेच असेल त्यांनी काय दिले आहे आणि केव्हा, हे विचारावे. मातीतला अंश काही महिने टिकू शकतो, म्हणून तेवढा काळ त्यावरच्या कळ्या खुडत राहावे. निपाणी भागातल्या माझ्या नातेवाइकांना घरगुती उपाय म्हणून तंबाखूचे पाणी फवारण्याची सवय आहे. त्यांनाही मी सांगते की त्यात निकोटीन असते आणि तेही माशीला घातक ठरू शकते. मावा दिसला तर सकाळी पाण्याच्या जोरदार धारेने तो धुवून काढावा आणि दोन आठवडे वाट पाहावी. तोवर ठिपक्यांचे लाल किडे येऊन उरलेला मावा खाऊन टाकतात.

रोपांच्या मुळांची निगा हा तिसरा आणि किरकोळ न म्हणता येणारा दोष. मागच्या रांगेतल्या मोठ्या पिशव्या वर्षानुवर्षे एकाच जागी असतात आणि त्यांची मुळे पिशवी फोडून जमिनीत गेलेली असतात. निर्गुडीचे रोप उचलताना जाड मूळ तुटले आणि झाड आठ दिवस मान टाकून होते. अर्धा पाला छाटल्यावर ते सावरले. उंच रोप मोठे दिसते म्हणून घेऊ नये. हाताने हलकेच ढकलल्यावर जी पिशवी सहज सरकते ती घ्यावी. घरी आणल्यावर पिशवी कापून मुळांचा गोल वेटोळा बुडाशी सुरीने उभा चिरून मोकळा करावा, नाहीतर झाड मातीत लावल्यावरही मुळे पिशवीच्याच आकारात फिरत राहतात आणि दोन वर्षांनी झाड का वाढत नाही ते कळत नाही.

लागवडीचा हंगाम कोणता, यावर रोपवाटिकेतच दोन मते ऐकायला मिळतात. पुढचा मुलगा म्हणतो केव्हाही लावा. मामा म्हणतात, मृगाचा पहिला पाऊस जिरला की लावा, नाहीतर दसऱ्यानंतर, आषाढातल्या झडीत लावू नका. माझा अनुभव मामांच्या बाजूने आहे. बेळगाव शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि दक्षिणेला खानापूर-जांबोटीकडे तो आणखी वाढत जातो. उलट अथणीकडे तो बेळगावच्या निम्म्याच्या आसपास येतो. तिकडच्या वाचकांनी माझ्यासारखी पट्टी उचलून घेऊ नये, पाणी धरणारी आळी करावीत. बैलहोंगलकडच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळे तुटतात, तेव्हा तिथे वाळू, शेणखत आणि पाल्यापाचोळ्याचे आच्छादन या तिन्हींची गरज आहे. आमची माती तांबडी, जांभ्याची. पाणी जिरते, पण अन्न धरून ठेवत नाही. मी दीड फूट खणून वर्षातून एकदा, मृगाआधी, चांगले कुजलेले शेणखत घालते. रासायनिक खत घातलेले नाही आणि त्याची गरजही वाटली नाही. जास्त खताने पाला माजतो आणि फुले कमी येतात.

छाटणीचा प्रश्न मला सर्वांत अवघड गेला. जोमदार झाडे वर्षातून एकदा कमरेइतकी खाली आणावी लागतात, नाहीतर ती खालून उघडी पडतात. योग्य वेळ मेअखेर. पण त्याच सुमाराला परिसरात फुले कमी असतात, आणि सगळे एकदम कापले तर माश्यांचे हाल होतात. म्हणून मी एक हमेलिया मेअखेरीस कापते आणि दुसरे पहिल्याच्या नव्या फांद्यांवर फुले आल्यानंतर, जुलैत. कापलेल्या फांद्या पावसात खोचल्या की पेंटास, हमेलिया आणि चित्रक सहज लागतात. यंदाच्या श्रावणात माझ्याकडे अशी चौदा रोपे तयार झाली आणि ती सगळी शेजारच्या चार घरांत गेली. एकदा पैसे देऊन आणलेले रोप गल्लीभर पसरते, हा बहुवर्षायू झाडांचा मोठा फायदा आहे.

फुलांखेरीज दोन गोष्टी रोपवाटिकेत मिळत नाहीत आणि त्या फुकट करता येतात. पट्टीच्या एका टोकाला हातभर जमीन मी मुद्दाम उघडी ठेवली आहे आणि मागच्या जुन्या गोठ्याची मातीची भिंत लिंपलेली नाही. पोटावर निळे पट्टे असलेल्या, एकेकट्या राहणाऱ्या माश्या त्या भिंतीत बिळे करून राहतात. या माश्या फुलाला धरून अंग थरथरवतात आणि त्या कंपाने वांग्याच्या परागकोशांच्या टोकावरच्या छिद्रांतून पराग बाहेर पडतो. मधमाशीला ही कला येत नाही. यंदा परड्यातली वांगी भरभरून आली, आणि काकड्या तर शेजारी वाटाव्या लागल्या. मधेच तेरडाही आपोआप उगवतो. तो वर्षायू असला तरी गौरीच्या सणापर्यंत मी त्याला हात लावत नाही, कारण त्या दिवसांत त्यावर भुंगे असतात.

तिसरी खेप फेब्रुवारीत झाली. अबोलीची दोन रोपे आणि एक कागदी लिंबू आणले. लिंबू फुलपाखरासाठी घेतले, कारण महाराष्ट्राने २०१५ साली राज्यफुलपाखरू म्हणून ज्याची निवड केली ते ब्लू मॉर्मन लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालते. यंदाच्या भाद्रपदात त्या लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या लहान अळ्या दिसल्या. त्या ब्लू मॉर्मनच्या की साध्या लिंबू फुलपाखराच्या, हे मला अळ्या इतक्या लहान असताना ओळखता आले नाही, पण नंतर त्यांतल्या दोन कोशात गेल्या. लिंबाची तीन-चार पाने गेली आणि झाडाला काही झाले नाही.

किमतीच्या बाबतीत तक्रार नाही. मागच्या रांगेतली रोपे तीस ते साठ रुपयांत मिळतात. पुढच्या भागातल्या लव्हेंडर-जर्बेरासारख्या रोपांचे दर दुप्पट-तिप्पट आहेत आणि माझ्या दृष्टीने ते योग्य नाहीत. फोनवरून पैसे देता येतात, बिल मागितले तर देतात, आणि लहान टेम्पोतून रोपे घरपोच करण्याचे शहरापुरते ३०० रुपये घेतात. रविवारी गर्दी असते आणि मामांना बोलायला वेळ नसतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास जावे, म्हणजे माश्याही कामाला लागलेल्या असतात आणि कोणत्या रोपावर काय येते ते समोरच दिसते.

कर्नाटकाचे राज्यफुलपाखरू सदर्न बर्डविंग खानापूरच्या रानांत आहे आणि ते ईश्वरीच्या वेलावर अंडी घालते. हा वेल या रोपवाटिकेत नाही. तीन खेपांना मी तीनदा विचारले. गेल्या आठवड्यात मामांनी त्यांच्या गावच्या कुंपणावरच्या वेलाचे बी धरून पुढच्या जूनपर्यंत रोपे करून देण्याचे कबूल केले, आणि आणखी कुणाला हवी असतील तर आधी सांगा म्हणजे तेवढ्या पिशव्या भरतो, असेही सांगितले. मी दोन सांगून ठेवली आहेत, आणि त्यांच्यासाठी निर्गुडीजवळची कुंपणाची बाजू मोकळी ठेवली आहे.